कामठीचे ऊन, नाशिकचा मुडदूस आणि ग्लासगोची छिन्नी

१/ कामठी हे कन्हान नदीच्या काठचे, नागपूरपासून सुमारे १५ किलोमीटरवरचे शहर. १८२१ मध्ये ब्रिटिशांनी येथे लष्करी छावणी वसवली. आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे केंद्रही येथेच आहे. छावणीच्या शेजारी वाढलेली वस्ती विणकरांची, विडी वळणाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. वैशाखात या भागातील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा मुलखात एखाद्याची हाडे ऊन न मिळाल्यामुळे मऊ होतील, हे ऐकणाऱ्याला थट्टेचे वाटेल. परंतु ही थट्टा नव्हे. उन्हाच्या देशात हाडे उन्हावाचून का झुरतात, या प्रश्नाचा शोध सुमारे १०० वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात, नाशिक शहरात घेतला गेला होता. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलण्यापूर्वी आज ‘ड जीवनसत्त्व’ तपासावे की नाही, अशी जी चर्चा होते, तिचे एक मूळ त्या शोधापर्यंत जाते. हा धागा त्या प्रवासाचा.

२/ प्रथम रोगाची ओळख. लहान मुलांची हाडे मऊ राहून पाय धनुष्यासारखे वाकणे, मनगटे सुजल्यासारखी दिसणे, बरगड्यांवर गाठींची माळ उमटणे, याला मराठीत ‘मुडदूस’ म्हणतात. हाच विकार प्रौढ वयात आला की त्यास अस्थिमार्दव म्हणतात. हाड म्हणजे प्रथिनांचा सांगाडा आणि त्यावर बसलेला कॅल्शियम-फॉस्फेटचा गिलावा, असे समजावे. मुडदुसात सांगाडा उभा राहतो, पण गिलावा बसत नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० मध्ये या रोगावर सविस्तर लॅटिन ग्रंथ लिहिला. पुढे कारखान्यांची शहरे वाढली, आकाश धुराने भरले आणि मुडदूस एवढा पसरला की युरोपात त्याला ‘इंग्रजांचा रोग’ असे नाव पडले.

३/ या रोगाची एक राजधानी म्हणजे स्कॉटलंडमधील ग्लासगो. अरुंद गल्ल्या, उंच चाळी, कोळशाचा धूर आणि वाकड्या पायांची असंख्य मुले. तेथेच विल्यम मॅकेवन हे शल्यविशारद उदयास आले. जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीचे शिक्षण घेतलेल्या मॅकेवन यांनी १८७० च्या दशकात छिन्नीसारख्या खास हत्याराने मांडीचे हाड गुडघ्याच्या वर छेदून वाकडे पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया प्रस्थापित केली. १८८० मध्ये त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हाडांच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा एक पाया असा मुडदुसाने घातला. पण ध्यानात घ्यावे की छिन्नी हाड सरळ करीत असे. ते मऊ का झाले, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

४/ उत्तराच्या दिशेने एक पाऊल एका मिशनरी डॉक्टराने टाकले. थिओबाल्ड पाम हे जपानमध्ये काही वर्षे वैद्यकीय काम करून इंग्लंडला परतले. जपानात जो रोग दिसला नव्हता, तो मायदेशी पावलोपावली दिसू लागल्याने ते चकित झाले. त्यांनी आशियातील निरनिराळ्या ठिकाणच्या मिशनरी डॉक्टरांकडून पत्रे मागवली आणि १८९० मध्ये निष्कर्ष मांडला: जेथे दारिद्र्य आहे, अस्वच्छता आहे, अन्न निकृष्ट आहे, पण ऊन भरपूर आहे, तेथे मुडदूस क्वचितच आढळतो. म्हणून मुलांना उन्हात न्यावे. कागदावर नकाशा मांडून रोगाचे कारण शोधण्याचा हा सुंदर नमुना होता. त्या काळी मात्र त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

५/ विसावे शतक उजाडले तेव्हा ब्रिटनमध्ये दोन तट पडले होते. ग्लासगोच्या तटात लेनर्ड फिंडले आणि डी. नोएल पॅटन हे प्रमुख. त्यांचे म्हणणे, मुडदुसाचे मूळ कोंडलेपणात आहे: मोकळी हवा नाही, हालचाल नाही, म्हणून हाडे बिघडतात. लंडनच्या तटात एडवर्ड मेलनबी. त्यांनी १९१८-१९ च्या सुमारास कुत्र्यांच्या पिलांना ठराविक आहारावर ठेवून मुडदूस उत्पन्न केला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो बरा करून दाखवला. त्यांच्या मते रोगाचे मूळ आहारात. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला ताट. कोणाचे खरे मानावे?

६/ या वादात नाशिकचा प्रवेश होतो. १९२१ मध्ये ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात एच. एस. हचिसन आणि पी. टी. पटेल यांचा नाशिक शहरातील मुडदुसाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठोपाठ हचिसन आणि एस. जे. शाह यांनी बाल्यातील व किशोरवयातील मुडदुसाच्या कारणांवर दुसरा निबंध लिहिला. गोदाकाठच्या त्या शहरात ऊन मुबलक होते. पामच्या नकाशाप्रमाणे तेथे रोग जवळजवळ नसायला हवा होता. प्रत्यक्षात तो होता, आणि तोही अनपेक्षित घरांत. सुखवस्तू मुसलमान आणि वरिष्ठ वर्गातील हिंदू कुटुंबांत, जेथे बायकांचा पडदा कडक होता आणि मुलींची लग्ने लवकर होत, तेथे मुडदूस वारंवार आढळला. उलट ज्या गरीब घरांतील बायका मोलमजुरीसाठी बाहेर पडत आणि पोरे दिवसभर उघड्यावर हुंदडत, त्या घरांत तो विरळा होता.

७/ या निरीक्षणाचे मोल समजून घ्यायला हवे. गरिबाच्या ताटात दूध-तूप नावापुरते. श्रीमंताच्या ताटात दोन्ही. रोग केवळ ताटातून आला असता, तर तो गरिबाच्या घरी आधी पोहोचला असता. येथे तो वाड्यात शिरला आणि झोपडीच्या दारावरून पुढे गेला. आपल्या जुन्या वाड्यांची रचना आठवावी: ओसरी, मग माजघर, मग बाळंतिणीची खोली. जसजसे आत जावे तसतसा उजेड कमी. ज्या स्त्रीला ओसरीपर्यंतही येण्याची मुभा नाही, तिचे तान्हे मूलही आईच्या मागोमाग अंधारातच वाढते. प्रतिष्ठा जितकी मोठी तितके ऊन कमी, असा हा हिशेब होता.

८/ तर मग ग्लासगोचा तट जिंकला काय? पूर्णपणे नाही. कोंडलेपणातील नेमका दोष कोणता, हे नाशिकच्या अभ्यासाने एकट्याने ठरले नसते. ते कोडे दुसरीकडे सुटत होते. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या क्वार्ट्झ दिव्यातील अतिनील किरण सोडले आणि क्ष-किरण चित्रांत हाडे भरून येताना दाखवली. विशेष म्हणजे एकाच हातावर किरण पाडले असता दुसऱ्या हाताची हाडेही सुधारली. म्हणजे कातडीत असे काही तयार होत होते, जे रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचत होते. १९२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड हेस यांनी तर दिव्याचाही आधार घेतला नाही. आजारी मुलांना केवळ सूर्यप्रकाशात ठेवून त्यांनी तोच परिणाम मिळवला. हालचाल नव्हे, मोकळी हवा नव्हे, तर ऊन हेच कारण होते.

९/ आणि मेलनबींचे तेल? तेही खोटे नव्हते. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी कॉडच्या तेलातून हवा खेळवून व ते तापवून त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केले, तरीही ते तेल मुडदूस बरा करीतच राहिले. म्हणजे त्यात आणखी एक द्रव्य होते. अ, ब, क ही नावे आधीच वापरात होती, म्हणून १९२२ मध्ये याला ‘ड’ हे नाव मिळाले. १९२४ मध्ये विस्कॉन्सिन येथे हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नावरच अतिनील किरण टाकले असता त्यात मुडदूस-नाशक गुण उतरतो, हे सिद्ध केले. आता दोन्ही तटांची गाठ पडली. जे द्रव्य माशाच्या तेलात होते, तशाच प्रकारचे द्रव्य ऊन आपल्या कातडीत घडवीत होते. या द्रव्यांच्या रसायनशास्त्रावरील कार्यासाठी जर्मनीचे आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१०/ प्रयोगशाळेत हा आनंद चालू असताना भारतातील प्रसूतिगृहांत या रोगाची किंमत स्त्रिया मोजत होत्या. अस्थिमार्दवाने कटीची हाडे आत दबली की बाळाला बाहेर येण्याचा मार्ग अरुंद होतो. आधीच कोवळ्या वयातील लग्न, त्यात वर्षानुवर्षे पडद्याआडचे जीवन, त्यात बाळंतपणे आणि अंगावरचे पाजणे यांत झिजलेले कॅल्शियम. अशा स्त्रीचे बाळंतपण म्हणजे तिच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळ. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२० च्या दशकात याच विषयावर लिहिले. शहरातील पडदानशीन स्त्रिया आणि नदीवर होड्यांत राबणाऱ्या स्त्रिया यांच्या बाळंतपणांतील अंतर त्यांनी दाखवून दिले. नाशिकमध्ये दिसलेले सूत्र हिमालयाच्या कुशीतही तसेच उभे होते.

११/ पुढचा टप्पा शरीराच्या आतला. १९६८ ते १९७१ या काळात अमेरिका व ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवून दिले की कातडीत बनलेले वा अन्नातून आलेले ‘ड’ स्वतः फारसे काही करीत नाही. यकृतात त्याचे एक रूपांतर होते. रक्ततपासणीत आपण मोजतो ते हेच रूप. मग मूत्रपिंडात दुसरे रूपांतर होऊन प्रभावी द्रव्य बनते आणि ते आतड्याला अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यास लावते. म्हणून ‘ड’ हे रूढ अर्थाचे जीवनसत्त्व कमी आणि संप्रेरक अधिक. या साऱ्या साखळीची सुरुवात उन्हातील एका अरुंद पट्ट्याने होते: सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण. खिडकीची साधी काच ते अडवते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन वातावरणाचा लांब थर ओलांडून येते, म्हणून त्यात ते फार थोडे उरतात. तान्ह्याला तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्याची आपली रीत प्रेमळ आहे, पण ‘ड’च्या दृष्टीने कोवळ्या उन्हाचा वाटा लहानच. ढोबळ खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन कामाचे. सावळ्या कातडीला तर त्यासाठी अधिक वेळ लागतो.

१२/ पडदा सैल झाला, वाडे पडले, तरी अंधार गेला काय? २००० मध्ये दिल्लीतील निरोगी माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सैनिक होते, तसेच डॉक्टर व परिचारिकाही होत्या. सैनिकांच्या रक्तातील ‘ड’चे प्रमाण सर्वांत चांगले निघाले आणि रुग्णालयाच्या छताखाली दिवस काढणाऱ्यांचे फार कमी. आता पुन्हा कामठीकडे वळावे. येथे संचलनाचे मैदान आणि मागाची खोली एकाच शहरात आहेत. बाबू हरदास (१९०४–१९३९) हे ‘जय भीम’ या अभिवादनाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते कामठीचे नेते. त्यांनी विडी कामगारांना संघटित केले. विडी वळणे असो की माग चालवणे, हे सारे काम छपराखाली बसून, सूर्य डोक्यावर असतानाच्या तासांत करायचे. नाशिकमध्ये ऊन प्रतिष्ठेने अडवले. कामाच्या खोलीत ते पोटाने अडवले. आणि आज संगणकापुढे, शिकवणीच्या वर्गात व वातानुकूलित दुकानात ते सवयीने अडते.

१३/ आता शस्त्रक्रियेच्या मेजाकडे येऊ. तुटलेले हाड जुळते तेव्हा प्रथम मऊ सांधणी बनते, आणि नंतर तीत कॅल्शियम बसून ती कठीण होते. ‘ड’ अपुरे असेल तर आतडे कॅल्शियम पुरेसे घेत नाही. मग पॅराथायरॉईड ग्रंथी रक्तातील पातळी सांभाळण्यासाठी हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते. भिंत बांधायची आणि विटा मात्र त्याच घराच्या पायातून काढायच्या, असा हा प्रकार. शिवाय गंभीर कमतरतेत मांड्या व नितंबांचे स्नायू दुबळे होतात. जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, चाल डुलते. सांधा बदलल्यानंतर ज्या स्नायूंच्या बळावर माणसाने पुन्हा चालायचे, नेमके तेच स्नायू. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कारण समजत नसताना हाड न जुळलेल्या ३७ निवडक रुग्णांची अंतःस्रावी तपासणी केली गेली. त्यांपैकी ३१ जणांत काही ना काही बिघाड सापडला, आणि सर्वांत अधिक आढळलेला बिघाड होता ‘ड’ची कमतरता.

१४/ सांधेरोपणाचा इतिहासही येथे जोडून घ्यावा. १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा, प्लॅस्टिकची वाटी आणि सिमेंट यांच्या साहाय्याने खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला. पुढे बिनसिमेंटचे सांधेही आले. त्यांत रुग्णाचे हाड धातूच्या खडबडीत पृष्ठभागात वाढून त्याला पकडते. म्हणजे हाडाच्या प्रकृतीला महत्त्व आले. गेल्या काही दशकांत अनेक देशांत असे दिसून आले की सांधा बदलायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे ‘ड’ कमी असते, आणि ज्यांच्या कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला त्यांच्यात ते विशेष कमी आढळते. यावरून ‘गोळी द्या, संसर्ग टळेल’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह सहज होतो.

१५/ येथेच इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचारावे: कारण कोणते आणि परिणाम कोणता? गंमत अशी की हा प्रश्न पुन्हा ग्लासगोनेच विचारला. २०११ मध्ये तेथील संशोधकांनी गुडघ्याचा सांधा बदललेल्या ३३ रुग्णांचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तपासले. दोनच दिवसांत ‘ड’ची मोजणी सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. दोन दिवसांत कोणी एवढे ऊन हरवत नाही. शस्त्रक्रियेने शरीरात जो दाह उठतो, त्यानेच ही मोजणी घसरते. म्हणजे आजारी माणसाचे ‘ड’ कमी दिसले, म्हणून ते कमी असल्यानेच तो आजारी पडला, असे म्हणता येत नाही. मॅकेवन यांच्या शहराने ही नम्रता शिकवावी, हा योग सुंदर आहे.

१६/ अतिरेकाचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तान्ह्यांच्या आहारात ‘ड’ सढळ हाताने मिसळले गेले. १९५० च्या दशकात काही बालकांच्या रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीला पोहोचल्याचे दिसले आणि मात्रा कमी करावी लागली. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील २,२५६ वृद्ध स्त्रियांच्या चाचणीचे निकाल आले. ज्यांना वर्षातून एकदा ५,००,००० एककांचा मोठा डोस दिला होता, त्या कमी पडण्याऐवजी अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. २०२२ मध्ये अमेरिकेतील २५,८७१ प्रौढांच्या चाचणीत रोज २,००० एकक घेऊनही अस्थिभंग घटले नाहीत. मात्र ही माणसे कमतरता पाहून निवडलेली नव्हती. ज्याची विहीर भरलेली आहे तिच्यात आणखी पाणी ओतून पीक वाढत नाही. कोरड्या विहिरीची गोष्ट वेगळी.

१७/ यातून कामठीच्या एखाद्या घरासाठी काय उरते? आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, ती वर्षानुवर्षे घराबाहेर फारशी पडलेली नसेल, हाडे ठणकत असतील, उठताना हात टेकावे लागत असतील, तर ही लक्षणे शल्यविशारदांच्या कानावर घालावीत आणि ‘ड’ तपासावे का, असे विचारावे. हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, काही आठवडे आधी; कारण कमतरता भरून यायला तेवढा अवधी लागतो. आपल्याकडे ६०,००० एककांच्या पुड्या घरोघरी माहीत आहेत. त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे चालू ठेवू नयेत. जास्तीचे ‘ड’ लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते चरबीत साठते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. ताटात कॅल्शियम हवे, प्रथिने हवीत, आणि शस्त्रक्रियेनंतर व्यायाम हवाच. ‘ड’ हा या मंडळीतला एक गडी आहे. सारा गाडा एकटा ओढणारा बैल नव्हे.

१८/ शासनाच्या पातळीवरही पावले पडली आहेत. २०१६ पासून भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने दूध व खाद्यतेलात ‘अ’ आणि ‘ड’ मिसळण्याची मानके पुढे आणली. पिशवीवरचे अधिक-चिन्हाचे निळे मानचिन्ह त्याचेच. स्टीनबॉक यांनी १९२४ मध्ये उघडलेली वाट शंभर वर्षांनी आपल्या स्वयंपाकघरात अशी पोहोचली. पण पिशवीतले दूध विकत घ्यावे लागते, आणि ऊन अजून फुकट आहे.

१९/ शेवटी नाशिकच्या त्या अभ्यासाकडे पुन्हा पाहू. त्याने रसायन शोधले नाही, रेणूची रचना सांगितली नाही, औषध बनवले नाही. त्याने एवढेच दाखवले की आकाशातले ऊन सर्वांना सारखे मिळते, पण अंगावर पडणारे ऊन माणसे वाटून घेतात. कोणाला किती, हे रूढी, घराची बांधणी आणि कामाची जागा ठरवते. मोडलेले हाड जोडण्याची विद्या आज मॅकेवन यांच्या छिन्नीच्या फार पुढे गेली आहे. परंतु ते हाड कोणत्या खोलीत वाढले, हा नाशिकने विचारलेला प्रश्न शल्यविशारदाने रुग्णाला विचारावा, इतका तो अजून ताजा आहे.